सतरा तारखेची पिंपे

बरणी विकत घेताना माणसे पुष्कळ काही वाचतात. नाव वाचतात, किंमत वाचतात, चष्मा कपाळावर सरकवून ‘कधीपर्यंत वापरावे’ तेही वाचतात. त्याच्या खाली, झाकणाच्या कडेला किंवा काचेच्या बुडाशी, ठिपक्याठिपक्यांनी उमटलेला एक फिकट आकडा असतो. तो कुणी वाचत नाही. ओले बोट लागले तर तो थोडा पुसट होतो, आणि त्याचेही कुणाला वाईट वाटत नाही. हैदराबादेत बसून मी ते आकडे रचते. नोकरीतली माझी बहुतेक वर्षे त्यातच गेली आहेत.

त्या आकड्याला लॉट क्रमांक म्हणतात. एका दिवशी, एका मालातून, एका हाताखाली जे जे तयार झाले त्या सगळ्याचे मिळून ते एक नाव. एखादी बरणी बिघडलेली निघाली, तर तिची भावंडे कोणत्या दुकानात, कोणत्या फळीवर बसली आहेत हे त्या नावावरून शोधायचे. डेटाबेस म्हणजे या सगळ्या नावांचे कोठार. संगणकाच्या आत ओळीओळीने रचलेले, हाक मारली की नेमकी वस्तू पुढे करणारे. हाक चुकीची असेल तर मात्र तो तितक्याच नम्रपणे चुकीची वस्तू पुढे करतो.

मी शिकले मराठी कविता. एम. ए. झाल्यावर दिलसुखनगरच्या एका क्लासमध्ये संगणक शिकले, कारण आमच्या अंबरपेठेत वृत्ते शिकवून घेणारा कुणी भेटेना. पण ती विद्या वाया गेली असे मला कधी वाटले नाही. लॉट क्रमांकही वृत्तासारखाच असतो: अक्षरे मोजकी, त्यांच्या जागा ठरलेल्या, मध्ये श्वास घ्यायची जागाही ठरलेली. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि शेवटी त्या दिवसातला अनुक्रम. दिवस आधी लिहिला, तर संगणक एक जानेवारीच्या मांडीला मांडी लावून एक फेब्रुवारीला बसवतो आणि दोन जानेवारी बिचारी पार मागे जाते. वर्ष आधी लिहिले की काळ आपोआप रांगेत उभा राहतो. इंग्रजीतला ‘ओ’ आणि ‘आय’ मी क्रमांकात येऊ देत नाही. घाईत ते शून्य आणि एक यांचे सोंग घेतात.

गिऱ्हाइकांना मात्र क्रमांकात सगळेच हवे असते. यंत्राचे नाव, पाळी, मुकादमाची आद्याक्षरे, कुणाला तर देवीचे नाव. मी सांगत राहते की दारावरच्या पाटीवर घराचा पत्ता पुरतो, घरातल्यांची चरित्रे आत कपाटात ठेवू या. इथल्या कोठी भागातल्या एका बिस्किटवाल्यांना हे पटेना. त्यांना कुणा अंकज्योतिष्याने सांगितले होते की तुमच्या मालावरच्या आकड्यांची बेरीज नऊ आली पाहिजे.

“मेडम, जोड नौ आना. बाकी तुम कुछ बी करो.”

“पण सेठजी, तारीख आपण ठरवत नाही. ती ज्या दिवशी येते त्या दिवशी येते.”

“तो जिस दिन नौ नै आता उस दिन भट्टी बंद रखते.”

वेलची आणि गरम लोण्याच्या वासाने भरलेल्या त्या दुकानात बसून मी बराच वेळ विचार केला. मग त्यांच्या क्रमांकाच्या शेवटी एक जादा अंक बसवला: आधीच्या सगळ्या अंकांची बेरीज नवाच्या पटीत नेणारा, म्हणजे पुन्हा बेरीज केली की नऊच. आमच्या व्यवसायात त्याला तपासणीचा अंक म्हणतात. टंकताना एखादा आकडा चुकला, तर बहुधा बेरीज बिघडते आणि चूक तिथेच पकडली जाते. सेठजींना वाटले मी त्यांचे नशीब बांधून दिले. मला वाटले मी त्यांच्या कारकुनाची बोटे बांधून दिली. ते खूश, मी खूश. त्यांनी दिलेल्या बिस्किटांचा डबा उघडला तेव्हा घरभर वेलची दरवळली.

असे सगळे मजेत चाललेले असताना विमलताईंचे लोणचे माझ्याकडे आले.

विमलताई मूळच्या मराठवाड्यातल्या शेतकरी घराण्यातल्या. दोन पिढ्यांपूर्वी ते कुटुंब हैदराबादेत आले आणि इथलेच झाले. अंबरपेठेतल्या त्यांच्या स्वयंपाकघरातून आधी ओळखीच्यांना लोणचे जाई, मग ओळखीच्यांच्या ओळखीच्यांना. वाढता वाढता त्यांनी दिलसुखनगरच्या पलीकडे एक शेड घेतली. तिथे उन्हाळ्यात आवकाय कालवली जाते. कैरीच्या जाड फोडी, मोहरीची पूड, लाल तिखट, मीठ, आख्ख्या लसूणपाकळ्या आणि वरून तिळाचे तेल. शेडच्या दारात पाऊल टाकले की आधी मोहरी नाकात जाते, मग डोळ्यांत तिखट, आणि मग हळूच, मागून, कैरीच्या चिकाचा तो हिरवा, किंचित रागीट वास. पंधरा-वीस बाया कोपरापर्यंत हात माखून कालवत असतात. त्यांची म्होरकी नरसम्मा. घरी तेलुगू, बाहेर दख्खनी, आणि रागावली की दोन्ही एकदम.

त्यांच्यासाठी मी रचलेली पद्धत सोपी होती. एका दिवशी कालवलेली पिंपे म्हणजे एक लॉट. संध्याकाळी नरसम्माने टॅबलेटवर तारीख निवडायची, किती पिंपे ते सांगायचे, की छोट्या छपाईयंत्रातून चिकटपट्ट्या बाहेर येत. त्या पिंपांना लावायच्या. पिंपांवर त्या दिवशी नुसते फडके टाकलेले असे. दुसऱ्या दिवशी सकाळी लोणचे एकदा ढवळून, तोंडावर पांढऱ्या कापडाचा दादरा दोऱ्याने घट्ट बांधून वर झाकण बसवले जाई. तारीख निवडण्याची मुभा मी मुद्दाम ठेवली होती. मे महिन्यात वीज जाते, टॅबलेट झोपतो, आणि आदल्या दिवशीची नोंद दुसऱ्या दिवशी करावी लागते.

त्या वर्षी विमलताईंच्या लोणच्याला पहिले मोठे गिऱ्हाईक मिळाले. शहरभर दुकाने असलेल्या एका किराणा कंपनीने दसऱ्यापूर्वी माल मागवला. मागणी पुरी झाली, तर शेड वर्षभर चालणार होती, आणि बायांना उन्हाळा सरल्यावर दुसरीकडे काम शोधत फिरावे लागणार नव्हते. कंपनीने प्रत्येक लॉटच्या दोन-दोन बाटल्या नमुना म्हणून नेऊन ठेवल्या होत्या. श्रावणात विमलताईंचा फोन आला.

“नीलिमा, एक बाटली खवट निघाली गं.”

“कुठल्या लॉटची?”

“सतरा मेची. ती श्रावणी म्हणते, सगळा लॉटच बाद. बाकीची पिंपं उघडून बघते म्हटलं तर म्हणते, ‘नाकाचं चालत नाही, आमच्याकडे लॉट म्हणजे लॉट.’ आता कैरी कुठून आणू? पुढच्या चैत्राशिवाय कैरी नाही.”

श्रावणी म्हणजे त्या कंपनीची माल तपासणारी मुलगी. तिचे म्हणणे बरोबरच होते. मी रचलेल्या क्रमांकाचा अर्थच तो होता. नावाने सगळी भावंडे एक. खवटपणा आज नाकाला कळला नाही तरी महिन्याने कळतो, तेव्हा वासावर भरवसा ठेवता येत नाही. मी विमलताईंना म्हटले, “एक लॉट म्हणजे दहाएक पिंपं. तेवढी गेली तरी मागणी पुरी होईल ना?”

“दहा कुठली? सतराची वीस आहेत. वीस गेली तर मी तोंड दाखवू शकत नाही त्यांना.”

वीस? त्या शेडमध्ये एका दिवसात दहाच्या वर पिंपे होत नाहीत. तेवढ्या पराती नाहीत, तेवढे हात नाहीत.

मी कोठार उघडले. सबंध हंगामातले लॉट तारखेप्रमाणे मांडून, प्रत्येकासमोर पिंपांची संख्या ठेवून पाहिली. दहा, नऊ, दहा, दहा. आणि मग सोळा मेला काहीच नाही, सतराला वीस. त्या दिवशी रविवार नव्हता, संप नव्हता. मी वर सरकले. एप्रिलमध्येही तसेच: एक दिवस रिकामा, दुसरा दुप्पट. खाली सरकले. जूनमध्येही तसेच. महिन्याकाठी एकदा ते आकडे श्वास रोखत आणि दुसऱ्या दिवशी सोडत. एवढा नियमित ताल विजेच्या खात्याकडून येत नाही, एवढे मला पक्के ठाऊक होते. मान वर केली, तर समोर भिंतीवर दिनदर्शिका होती. मेच्या सोळाव्या चौकोनात काळे वर्तुळ.

माझ्या डेटाबेसात चंद्र होता. मी त्याला तिथे ठेवला नव्हता. तो आपला आपण, ओळीओळीतून, दर महिन्याला मावळत होता. खरे सांगते, पुढे किती गोंधळ होणार आहे हे कळण्याआधीचे ते दोन क्षण मी निव्वळ आनंदात काढले.

दुसऱ्या दिवशी शेडवर गेले. नरसम्मा लसूण सोलत बसली होती. पुढ्यात सालींचा पांढरा, करकरीत ढीग. विमलताई उभ्या होत्या. मी सरळ विचारले की सोळा मेला काम बंद होते का.

“कैकू बंद?” नरसम्मा म्हणाली. “सब बायां आए, काम करे.”

“मग त्या दिवशीची नोंद कुठे आहे?”

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी पाणी ओले का असते असे विचारत होते. “अमावास्या थी ना अम्मा. अमावास्या कू कौन नवा चीज शुरू करता? हाथ नै रोके हम. तारीख एक दिन आगे सरकाए, बस. दादरा तो सुबू बांधे ना, दूसरे दिन. तो लोणचा उसी दिन का हुआ.”

विमलताईंनी कपाळावर हात मारला. “नरसम्मा, मेरेकू बोलना था ना!”

“बोले तो तुम छुट्टी देते थे? कैरी सड जाती थी. नै बोले तो काम बी हुआ, अमावास्या बी पाळे.”

या युक्तिवादात मला कुठेही फट सापडली नाही. विमलताईंनाही सापडली नसावी, कारण त्या अचानक हसू लागल्या, आणि मग तितक्याच अचानक थांबल्या. त्यांच्याही घरी अमावास्येला नवे काही करत नाहीत. हंगामात कैरी थांबत नाही म्हणून त्यांनी बायांना बोलावले होते, आणि पुढचे विचारायचे टाळले होते.

आता प्रश्न उरला तेलाचा. शेडमधल्या सामानाच्या खोलीची व्यवस्था खलीलभाई पाहतात. तेलाच्या प्रत्येक डब्यावर पट्ट्यापट्ट्यांची खूण असते. डबा बाहेर काढताना ते तिच्यावर हातातले यंत्र धरतात, ते ‘टुँई’ करते, आणि तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते. तिथे कुणाला तारीख निवडता येत नाही.

“सोला कू पुराने तेल के डब्बे गए,” खलीलभाईंनी पडदा पाहून सांगितले. “उसी दिन खतम. सतरा की सुबू नवे बेपारी का तेल खोले, वो एकीच दिन चला. अठरा से फिर पुरानेच बेपारी का.”

म्हणजे चित्र स्वच्छ झाले. सतराच्या वीस पिंपांपैकी दहा सोळालाच कालवलेली, जुन्या, चांगल्या तेलातली. उरलेली दहा खरोखर सतराची, नव्या व्यापाऱ्याच्या तेलातली. खवटपणा आला असेल तर त्या तेलातून. दहा वाचली तर मागणी पुरी होत होती.

पण ती दहा वाचवायची, तर श्रावणीला सांगावे लागणार होते की आमच्या तारखा खऱ्या नाहीत. ज्यांनी एका अमावास्येला तारीख सरकवली, त्यांनी आणखी काय काय सरकवले असेल, असे कुणीही विचारील. ती सगळी मागणीच रद्द करू शकत होती. न सांगावे, तर वीस पिंपे निमूट बाद करायची. माल कमी पडला म्हणून कदाचित ओरडा बसेल, कदाचित पुढच्या वर्षी पुन्हा संधी मिळेल. नाव तरी स्वच्छ राहील.

मी दोन्ही बाजू मांडल्या. निवड माझी नव्हती. माझा क्रमांक होता, लोणचे त्यांचे होते. विमलताईंनी पिंपांच्या रांगेकडे पाहिले. निळी पिंपे, वर पांढरे दादरे, कडेला तेलाचा नारिंगी ओघळ.

“उद्या सकाळी फोन करते,” त्या म्हणाल्या.

सकाळी मी चहाचा पहिला घोट घेत होते तेव्हा फोन वाजला. “सांगायचं, नीलिमा. चांगली दहा पिंपं खड्ड्यात ओतायला लावली, तर बायांना काय सांगू? की खरं बोलायला भ्याले? आधीच एकदा न विचारून बघितलं ना मी. आता पुरे.”

श्रावणी आली ती दुपारी. पंचविशीची, केस घट्ट बांधलेले, खांद्याला कातडी पिशवी, चेहऱ्यावर हसू नाही. विमलताईंनी काही न लपवता सांगितले. मी माझ्या संगणकावर रिकामे आणि दुप्पट दिवस दाखवले, खलीलभाईंनी तेलाची नोंद दाखवली. तिने सगळे नीट ऐकले, टिपून घेतले, आणि मग ज्याची मला भीती होती तेच विचारले.

“ठीक है. बीस में से दस पहले दिन के हैं. पर कौन से दस? सब पर नंबर तो एक ही है.”

डेटाबेसला ते ठाऊक नव्हते. खलीलभाईंच्या यंत्रालाही नव्हते.

नरसम्मा उठली. लसणाचे हात पदराला पुसले, आणि चल म्हणून श्रावणीला मानेने खुणावले. पिंपांच्या रांगेत जाऊन तिने एका पिंपाच्या काठाखाली बोट ठेवले. निळ्या प्लास्टिकवर काजळाची बोटभर तीट होती. पुढच्या पिंपावरही. मग काही पिंपे कोरी, मग पुन्हा तीट.

“ये क्या है?” श्रावणी म्हणाली.

नरसम्मा तेलुगूत बोलू लागली, आणि पहिल्यांदाच त्या मुलीचे खांदे थोडे सैलावले. अमावास्येला हात लागलेल्या पिंपांना दृष्ट लागू नये म्हणून काजळ लावले होते. दर अमावास्येला लावतात. त्यात लपवण्यासारखे काय? कुणी विचारले नाही म्हणून सांगितले नाही.

श्रावणीने एकेक पिंप मोजले. तीट असलेली दहा भरली. ती वही मिटून उभी राहिली. “अम्मा, मैं रिपोर्ट में काजल कैसे लिखूँ?”

“लिक्को ना,” नरसम्मा म्हणाली. “तुम्हारी अम्मा बी तो लगाए होंगे तुमना, छोटे थे तब. नै तो इत्ती अच्छी कैसे रहते?”

श्रावणी हसली. हसताना ती एकदम कॉलेजातली मुलगी दिसली. पण हसून झाल्यावर तिने जे केले ते मला आजही आवडते: काजळावर विश्वास ठेवला नाही, आणि काजळ फेकूनही दिले नाही. दोन्ही प्रकारच्या पिंपांतले तेल तिने वेगवेगळ्या बाटल्यांत घेतले, बाटल्यांना क्रमांक दिले, आणि कोणती कुठली हे प्रयोगशाळेला न सांगता तपासायला पाठवले. हंगामातल्या बाकीच्या दुप्पट लॉटचेही नमुने घेतले. निकाल येईपर्यंत विमलताई रोज येऊन पिंपांची झाकणे पुसत. ती आधीच स्वच्छ असत.

निकाल आला. काजळाची दहा निर्मळ. कोऱ्या दहांतले तेल बिघडलेले. बाकीचे लॉट ठीक. दसऱ्याला माल गेला. पण श्रावणीच्या अहवालात एक वाक्य होते, आणि ते तिने विमलताईंना मोठ्याने वाचून दाखवले: या कारखान्याच्या तारखांवर विसंबता येत नाही; पुढच्या वर्षीची मागणी त्या सुधारल्यावरच.

म्हणजे पाळी माझी होती.

तारीख निवडण्याची मुभा काढून टाकायची, यंत्राने स्वतः तारीख घालायची, हे काम माझ्यासाठी एका दुपारचे. हिवाळ्यात मी ते करून शेडवर दाखवायला गेले. नरसम्माने ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाली, “तो फिर अमावास्या कू हम नै आते.”

बाकीच्या बायांनी माना हलवल्या. रागाने नव्हे, दुकान बंद असेल तर भाजी मिळणार नाही, इतक्या साधेपणाने. विमलताईंनी माझ्याकडे पाहिले. हंगामातला एक दिवस गेला तर कैरीच्या कितीतरी गोण्या मऊ पडतात. आणि बायांवर जबरदस्ती करण्याची ना त्यांची इच्छा होती, ना माझी. मीही अंबरपेठेत वाढले आहे. अमावास्येला आमच्या घरीही नवे कापड फाडत नाहीत.

त्यानंतर मी पुष्कळदा तिथे गेले. गोणपाटावर बसून, बायांबरोबर लसूण सोलत, मी विचारत राहिले की लोणचे नेमके कधी ‘होते’. कैरी फुटते तेव्हा? मीठ लागते तेव्हा? तेल पडते तेव्हा? त्यांची आपसांत भांडणे लागत. एकीचे म्हणणे, फोडीला पाणी सुटेपर्यंत ते लोणचे नव्हेच. दुसरी म्हणे, हात लागला की झाले. नरसम्माचे उत्तर मात्र एकच: दादरा बांधला की झाले. तोवर ते नुसते काम. मला वाटते वृत्त शिकवणाऱ्या कुठल्याही गुरूने मला सुरुवात आणि समाप्ती यांतला भेद इतक्या ठामपणे सांगितला नव्हता. श्रावणीला कामाची तारीख हवी होती. नरसम्माला जन्माची. आणि माझ्या कोठारात त्या दोघींसाठी आजवर एकच जागा होती.

मी दोन जागा केल्या. पहिली, कालवल्याची तारीख. ती यंत्र घालील, लॉट क्रमांक तिच्यापासूनच बनेल, तीच बाटलीवर छापली जाईल. दुसरी, दादरा बांधल्याची तारीख. ती नरसम्मा घालील, आणि ती नुसती आत राहील. शेजारी आणखी एक बारीक रकाना: तीट, हो किंवा नाही. श्रावणीने तो मुद्दाम मागितला होता.

नरसम्माने पडद्यावर बोट ठेवून विचारले, “ये दूसरी तारीख दुकानवाले कू दिखती?”

“नाही.”

“पर लिखी है ना कहीं?”

“लिहिलेली आहे. कायमची.”

तिने पडद्यावरचे बोट उचलले. “देव कू दिखे तो बस. दुकानवाले कू नै दिखे तो चलता.”

माझ्या क्षेत्रात अशा रकान्याला मोठी नावे आहेत. मला तिचे नाव अधिक अचूक वाटते: देवाला दिसण्यासाठी ठेवलेली जागा. एक हुरहूर मात्र लागून राहिली. आता माझ्या आकड्यांत चंद्र मावळणार नव्हता. दिवस सरळ रांगेत उभे राहणार, एकही श्वास न रोखता. नेटकेपणाने काही गोष्टी सापडतात, तशा काही हरवतातही, आणि त्या हरवायलाच मला नेमले होते.

चैत्र संपत आला. हंगामातली पहिली अमावास्या. मला कुणी बोलावले नव्हते, पण सकाळी मी शेडवर जाऊन उभी राहिले. सगळ्या बाया आल्या होत्या. कत्तीखाली कैऱ्या फुटत होत्या, खट्, खट्, कोयीसकट. मोठ्या परातीत मोहरीची पिवळी पूड आणि तिखटाचा लाल ढीग शेजारी शेजारी. पण कालवायला कुणी हात घालत नव्हते. मागच्या वर्षीपर्यंत त्या दिवसाचे काम दुसऱ्या दिवसाच्या नावावर जाई. आता पहिला हात पडला की यंत्रात त्या दिवसाची तारीख बसणार होती. नरसम्मा कमरेवर हात ठेवून परातीपाशी उभी. विमलताई दारात, एक पाऊल आत, एक बाहेर. त्यांचे पुढचे सबंध वर्ष त्या परातीत कोरडे पडून होते.

“मेडम,” नरसम्माने मला हाक मारली, “ये नंबर तुम निकाले ना? तो पहला हाथ तुम डालो.”

विमलताई म्हणाल्या, “अगं, तिला कशाला? तिला सवय नाही, हात पेटतील.”

“पेटने दो. कुछ हुआ तो सबकू मिलके होना. अकेली हमना कैकू?”

ते म्हणणे मला पूर्णपणे पटले. मी बांगड्या वर सरकवल्या, हात धुतले, पुसून कोरडे केले आणि परातीसमोर मांडी घातली. नरसम्माने वरून तेलाची धार सोडली. हात आत गेला. आधी नुसता गारवा: ओल्या फोडींचा, तेलाचा. मग मिठाचे खडे बोटांत. मग नखांच्या कडेने शिरणारे तिखट, आधी कुजबुजल्यासारखे, मग मोठ्याने. मोहरी थेट कपाळात चढली. डोळ्यांना पाणी आले आणि ते पुसायला माझ्याकडे हात उरला नाही. एका बाईने आपल्या पदराने माझे डोळे टिपले.

“खालून घ्या, खालून,” कुणीतरी म्हणाले. “पीठ मळल्यासारखं नको.”

“फोड तोडो नक्को!”

“घर में कभी कालवे नै क्या?”

परातीभोवती हशा पिकला, आणि त्या हशात एकेक बाई खाली बसली. दुसरा हात पडला, तिसरा पडला. थोड्या वेळाने कोणता हात माझा हे मला ओळखू येईना. सगळे कोपरापर्यंत सारखेच लाल.

संध्याकाळी पिंपे भरली. छपाईयंत्राने कुरकुरत पहिली चिकटपट्टी बाहेर ढकलली. वर्ष, महिना, आणि त्यापुढे अमावास्येचा दिवस, ठिपक्याठिपक्यांनी, स्वच्छ. मी ती उचलायला गेले, पण माझी बोटे इतकी पेटली होती की कागद धरवेना. नरसम्माने ती माझ्यापुढून घेतली. पिंपावर ठेवली. अंगठ्याने मधोमध दाबली, मग चारी कोपरे एकेक करून, कडा उचलू नये अशी.

“सीधी लगी क्या देखो,” ती म्हणाली.

सरळ लागली होती.